मागावरचा माणूस आणि त्याचे घर : प्रस्तावना

महाराष्ट्रातील छोट्या औद्योगिक गावांचा इतिहास बहुतेक वेळा संस्थानिकांच्या, कारखानदारांच्या आणि सहकारातील पुढाऱ्यांच्या चरित्रांमधून लिहिला गेला आहे. ज्यांनी त्या गावांत आयुष्यभर मजुरी करून घर उभे केले, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळले, मुलांची शिक्षणे आणि लग्ने पार पाडली आणि अखेर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत ज्यांची नोंद झाली, ती माणसे या इतिहासात कामगारसंख्येच्या रकान्यापुरतीच उरली. प्रस्तुत लेखनाचा विषय असा माणूस आहे : इचलकरंजीत विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन-चार दशकांत यंत्रमागावर राबलेला, संसारी, गावाबाहेर फारसा न गेलेला आणि गेला तरी पंढरपूरला, जोतिबाला किंवा सोयरिकीच्या गावी जाऊन परत आलेला. कोणा एका व्यक्तीचे चरित्र सांगणे हा येथील हेतू नाही. अशा माणसाची आठवण लेखी ठेवायची झाल्यास ती कोणत्या आधारांवर उभी राहते, कोणाला विचारावी लागते आणि ती लिहिताना काय निसटून जाण्याचा धोका असतो, याची मांडणी करणे हा हेतू आहे.

कोल्हापूर भागातील निधनवार्तांचा साचा ठरलेला असतो. नाव, वय, राहण्याचा भाग, मागे राहिलेल्या परिवाराची यादी आणि रक्षाविसर्जनाची वेळ एवढा मजकूर त्यात येतो. कधी ‘कष्टाळू व मनमिळाऊ स्वभावाचे’ असा उल्लेखही असतो. रक्षाविसर्जन म्हणजे अस्थी व राख नदीत सोडण्याचा विधी, आणि त्याची वेळ देणे आवश्यक असते, कारण सोयऱ्याधायऱ्यांना त्या वेळी पोहोचायचे असते. ही वार्ता जिवंत माणसांच्या सोयीसाठी लिहिलेली असल्याने तिच्याकडून चरित्राची अपेक्षा करणे योग्य नव्हे. तरीही एक गोष्ट नोंदवावी लागते : गेलेल्या माणसाने कोणत्या शेडमध्ये, किती वर्षे, कोणत्या पाळीत काम केले याचा त्यात मागमूस नसतो. त्याचे कष्ट मान्य केले जातात, परंतु ते कशाचे होते हे सांगितले जात नाही. स्वभावगुण म्हणून सांगितलेले कष्ट कोणाच्याही नावापुढे शोभतात. तास, दर, सोबत आणि कारण यांच्यासह सांगितलेले कष्ट एकाच माणसाचे असतात, आणि स्मरणलेखनाला हवे असतात ते हे दुसरे.

त्यासाठी आधी गाव समजून घेतले पाहिजे. पंचगंगेच्या काठी, हातकणंगले तालुक्यात वसलेले इचलकरंजी हे कोल्हापूर राज्यातील घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे ठिकाण. या भागात कोष्टी, देवांग आणि साळी या विणकर समाजांचे हातमाग पूर्वीपासून होते, आणि देवांगांच्या कुलदेवतेचे, चौंडेश्वरीचे नाव आजही गावातील अनेक संस्थांना दिलेले आढळते. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. यंत्रमाग म्हणजे हाताऐवजी यंत्राच्या शक्तीवर चालणारा माग. हातमागावर विणकराच्या हाताने इकडून तिकडे जाणारा धोटा येथे यंत्राच्या फटकाऱ्याने जातो आणि माणसाकडे यंत्रावर लक्ष ठेवणे, तुटलेला धागा जोडणे आणि संपलेली कांडी बदलणे एवढे काम उरते. ‘एवढे’ हा शब्द किती फसवा आहे हे पुढे दिसेलच. आरंभी येथे नऊवारी लुगडी विणली जात. पुढे धोतर, मलमल, पॉपलिन असे प्रकार आले आणि हळूहळू गाव कोऱ्या कापडाचे, म्हणजे रंग व धुलाईची प्रक्रिया न झालेल्या कापडाचे, मोठे केंद्र बनले. ते कापड अहमदाबाद, पाली, बालोत्रा अशा प्रक्रियाकेंद्रांकडे जाऊ लागले, त्यामुळे इचलकरंजीच्या कामगाराने विणलेले कापड अंगावर घालणाऱ्या माणसाला इचलकरंजीचे नाव बहुधा माहीतही नसते.

या गावाचे एक वैशिष्ट्य असे की येथे मुंबईसारख्या गिरण्या उभ्या राहिल्या नाहीत. माग चार, आठ, बारा, चोवीस अशा छोट्या संचांत पसरले; घराच्या मागच्या पडवीत, बोळातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या मजल्यावर माळवद बांधून. मालक आणि मजूर यांच्यातली रेघ त्यामुळे इतर ठिकाणांइतकी जाड नव्हती. ज्याच्याकडे चार माग आहेत आणि जो बड्या व्यापाऱ्याकडून सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर कापड विणून परत देतो, त्याला येथे ‘खर्चीवाला’ म्हणतात. खर्ची म्हणजे अशी मजुरीवरची विणाई. हा खर्चीवाला स्वतःही मागावर उभा राहतो आणि तेजी असेल तर एखादा कामगारही ठेवतो. मंदी आली की माग विकून पुन्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये पाळीवर जातो. या काळातील कित्येक कामगारांच्या आयुष्यात ‘स्वतःचे चार माग’ हे एकमेव मोठे स्वप्न होते, आणि काहींच्या आयुष्यात ते काही वर्षे प्रत्यक्षात येऊन पुन्हा गेले. अशा माणसाला कामगार म्हणावे की उद्योजक, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो. त्याच्या घरच्यांना तो पडत नाही, कारण दोन्ही अवस्थांत तो तितक्याच वाजता उठत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या थंडावल्या तेव्हा कापडाची मागणी थंडावली नव्हती. ती भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरण्या, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यातील जुने संरक्षणाचे भेद बरेच सैल केले आणि त्याचा लाभ यंत्रमागांना झाला. एका गावातील कामगाराच्या घरची चूल विझली त्याच काळात दुसऱ्या गावातील कामगाराला रातपाळीचे काम मिळाले, हे सत्य अवघड आहे आणि इचलकरंजीतील स्मरणलेखनाने ते टाळू नये. त्या काळात कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील, तसेच सीमेपलीकडील चिकोडी, अथणी, विजापूर भागातील दुष्काळी गावांतली मुले गावात आली, आणि एखादा चुलता किंवा मेहुणा आधीपासून ज्या शेडमध्ये होता तेथेच त्यांची सोय लागली. पुष्कळांची घरची भाषा कानडी होती, मागावरची मराठी झाली, आणि मुलांच्या शाळेमुळे घरातलीही मराठीच झाली. पुढे उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातूनही माणसे आली. ज्यांच्या स्मरणाचा येथे विचार केला आहे ती त्यांच्या आधीची पिढी.

आता कामाकडे येता येईल. मागावर उभे धागे म्हणजे ताणा, आणि त्यांच्यामधून जाणारे आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्याचे हजारो धागे आधी सायझिंगमध्ये खळ चढवून एका मोठ्या रुळावर, म्हणजे बीमवर, गुंडाळले जातात. त्यातील प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यांतून आणि फणीच्या दातांमधून ओवण्याचे काम वहिफणी कामगार करतात; बसून, मान खाली घालून, एका वेळी एक धागा असे ते काम चालते. आडवा धागा कांडीवर भरलेला असतो आणि कांडी धोट्याच्या पोटात बसते. मागाची दुरुस्ती करणारा तो जॉबर, तयार कापड तपासून घडी घालणारा तो घडीवाला, आणि कोणी किती मीटर विणले याची वही ठेवणारा तो दिवाणजी. ही सगळी माणसे एकाच पत्र्याखाली असतात, मात्र त्यांच्या मजुरीच्या रीती वेगवेगळ्या असतात, आणि मागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराची मजुरी मीटरवर, किंबहुना पिकावर ठरते.

पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारा आडवा धागा. ५२ पिकांचे कापड म्हणजे दर इंचाला ५२ आडवे धागे असलेले कापड. इचलकरंजीत मजुरीच्या दराची चर्चा दीर्घकाळ याच ५२ पिकांच्या हिशेबाने होत आली आहे, आणि २०१३ च्या सुरुवातीच्या मोठ्या संपातही मागणी मांडण्याची भाषा हीच होती. हा हिशेब एकदा नीट मांडला की त्या माणसाचा दिवस डोळ्यांपुढे येतो. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच असतात, म्हणजे ५२ पिकांच्या एका मीटरसाठी धोट्याला सुमारे २,०४७ वेळा इकडून तिकडे जावे लागते. साधा माग मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस फटके देतो, असे धरले तर एक मीटर कापडाला सतरा ते वीस मिनिटे लागतात, आणि बारा तासांच्या पाळीत एक माग क्षणभरही न थांबता चालला तरी चाळीस मीटरांच्या आसपासच पोहोचतो. माग मात्र थांबतच असतो. कांडी काही मिनिटांत संपते, धागा तुटतो, वीज जाते, जॉबर दुसऱ्या मागावर गुंतलेला असतो. म्हणून एका कामगाराकडे एकाच वेळी चार किंवा त्याहून अधिक माग असतात आणि एका मागावर कांडी बदलून होते न होते तोच दुसरा थांबलेला असतो. त्याची मजुरी माग चालू असलेल्या मिनिटांची होते. त्याचे कष्ट मात्र बहुतांशी माग थांबलेल्या मिनिटांत होतात.

कापडात दोष निघाला तर घडीवाल्याच्या तपासणीत तो पकडला जातो आणि मजुरीतून कपात होते. उन्हाळ्यात पत्रा तापतो, धागा कोरडा पडून अधिक तुटतो, आणि पंखा लावला तर सुताची धूळ उडते म्हणून पंखाही बेताने लावावा लागतो. जुन्या धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घेण्याची सवय अनेकांना होती. तिच्यामुळे सुताची पूड छातीत जाते आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागण्याची भीती असते, हे ठाऊक असूनही घाईत तसेच केले जाई. पायांच्या शिरा फुगणे हे तर इतके सर्वसाधारण होते की त्याला कोणी आजार मानलेच नाही. आवाजाचा परिणाम सर्वांत हळू झाला आणि घरात सर्वांत अधिक जाणवला. वीस-पंचवीस वर्षे मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी मोठ्याने बोलतो. शेजाऱ्याला वाटते भांडण चालले आहे, नव्या सुनेला वाटते सासरे रागावले आहेत, आणि नातवंडांना तो आवाज हीच आजोबांची ओळख वाटते. शेडमध्ये ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलण्याची जी भाषा या कामगारांनी आपोआप घडवली, तिची नोंद फारशी झालेली नाही. ती जाणणारी माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढची आहेत, म्हणून या विषयावर काम करणाऱ्याने सर्वांत आधी तिच्याकडे वळावे, असे सुचवावेसे वाटते.

अशा माणसाची कागदपत्रे शोधायला जावे तर कारखान्याच्या बाजूने हाती जवळजवळ काही लागत नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, हजेरीपटाची सक्ती केली; परंतु शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असतील तरच तो सामान्यतः लागू होई. भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा कायदा वीस कामगारांपासून आणि उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, १९७२ चा कायदा दहा कामगारांपासून लागू होई. छोटा संच या उंबरठ्यांच्या अलीकडे राही. मोठा असला तरी एकाच छपराखालील माग घरातल्या निरनिराळ्या माणसांच्या नावे दाखवून तो अलीकडे ठेवता येई. परिणामी तीस वर्षे काम केलेल्या माणसाकडे नेमणुकीचे पत्र नसते, हजेरीचा पट नसतो, निधीचा खातेक्रमांक नसतो, सेवानिवृत्तीची तारीख नसते. मुंबईच्या गिरणी कामगाराकडे निदान गिरणीचे तिकीट होते, ज्याच्या आधारे पुढे घरांसाठी अर्ज तरी करता आले. इचलकरंजीच्या कामगाराने काम सोडले म्हणजे तो एके दिवशी पाळीवर गेला नाही, एवढाच त्याचा पुरावा. अभिलेखांतील त्याची अनुपस्थिती अपघाताने आलेली नाही. ज्या व्यवस्थेत तो राबला तिच्या स्वस्ताईचा ती एक भाग होती.

कारखाना गप्प असला तरी घर गप्प नसते. पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले कागद असतात आणि त्यांतून एका संसाराचा इतिहास मोठ्या अचूकपणे वाचता येतो. शाळा सोडल्याचा दाखला सांगतो की मुलाने चौथीत किंवा सातवीत शाळा सोडली. शिधापत्रिकेवर माणसे वाढत आणि नंतर वेगळी होत जातात. पतसंस्थेच्या पासबुकात कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात चुकला ते दिसते, आणि तो महिना नेमका शाळा उघडण्याचा, लग्नसराईचा किंवा कापडबाजारातल्या मंदीचा असतो. किराणा दुकानाची उधारीची वही जपून ठेवण्याची रीत नाही, पण दुकानदाराच्या आठवणीत ती असते. भिशी, म्हणजे दहा-वीस जणांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम गोळा करून पाळीपाळीने एकेकाला देण्याची पद्धत, ही या घरांची खरी बँक होती. कोणत्या वर्षी कोणाची भिशी ‘लागली’ आणि त्यातून काय झाले, हे घरातल्या बाईला तारखेसह सांगता येते. मालकाकडून घेतलेली उचल, म्हणजे पुढच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, ही दुसरी महत्त्वाची नोंद. उचल फिटेपर्यंत शेड सोडता येत नसे, म्हणून एखाद्या माणसाने एकाच मालकाकडे वीस वर्षे का काढली याचे उत्तर निष्ठेत शोधण्यापूर्वी उचलीच्या हिशेबात शोधावे. अनेकदा दोन्ही खरे असते. आजारपणात रात्री दवाखान्यात घेऊन जाणारा आणि दिवाळीचा बोनस देताना घासाघीस करणारा मालक एकच असतो, आणि कामगाराच्या घरी त्याच्याविषयी दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या जातात.

या कागदांतील सर्वांत मौल्यवान कागद बहुधा जागेचा असतो. गावाच्या कडेची शेतजमीन गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्यांत, बिगरशेती परवानगी न घेता विकण्याच्या प्रकाराला गुंठेवारी म्हणतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. भाड्याच्या खोलीत दहा-पंधरा वर्षे काढल्यावर असा तुकडा घेणे, त्यावर आधी पत्र्याची एक खोली, मग दुसरी, मग मुलाच्या लग्नाआधी स्लॅब, असा क्रम हजारो घरांत दिसतो. २००१ च्या गुंठेवारी नियमितीकरणाच्या कायद्याने अशा जागांना मान्यता मिळण्याची वाट उघडली, आणि ज्यांच्यापाशी साध्या कागदावरचा व्यवहार होता त्यांनी तो कागद घेऊन नगरपालिकेच्या खिडकीपुढे रांगा धरल्या. मीटरमागे मिळालेल्या मजुरीतून हा तुकडा कसा उभा राहिला हे मांडता आले, तर एका माणसाच्या चाळीस वर्षांचा ताळेबंद तयार होतो आणि कष्ट हा शब्द निराळा वापरावाच लागत नाही.

परंतु तो ताळेबंद एकट्या माणसाचा कधीच नसतो. इचलकरंजीत सुताची कांडी भरण्याचे काम प्रामुख्याने बायकांकडे राहिले. काही शेडमध्ये जाऊन करीत, काही घरी. मागावरच्या पुरुषाची पाळी बारा तासांची मोजली जाते, कांडी भरणाऱ्या बाईची पाळी मोजलीच जात नाही, कारण ती चुलीच्या आणि नळाच्या वेळांत मिसळून गेलेली असते. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपू शकावा म्हणून एका खोलीच्या घरात मुलांना दिवसभर बाहेर ठेवणे, दुपारी भांडी न आपटता स्वयंपाक करणे, आणि पाळी बदलली की सबंध घराची जेवणाची वेळ बदलणे, हेही कामच होते. मुलांनी सुट्टीत कांड्या भरल्या, डबा पोहोचवला, वडील जेवून होईपर्यंत मागापाशी उभे राहून धागा तुटला की हाक मारली. पुष्कळ मुले अशा रीतीने माग शिकली आणि त्यांनी तो शिकू नये म्हणूनच वडिलांनी जादा पाळ्या केल्या. या दोन गोष्टींमधला ताण हा त्या घरांच्या इतिहासाचा गाभा आहे. ज्या कुटुंबवत्सल माणसाची आठवण ठेवायची त्याच्या वात्सल्याचे रूप पुष्कळदा हेच होते की तो घरी नसे. मुलाच्या शाळेत तो कधी गेला नाही, आणि मुलाची फी मात्र कधी थकली नाही. असा पिता समजायला मुलांना आपले स्वतःचे पंचेचाळिसावे वर्ष उजाडावे लागते, असे आढळते.

म्हणून या माणसाविषयी सर्वांत आधी त्याच्या पत्नीला विचारले पाहिजे. मराठीत याला मोठी परंपरा आहे. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) लिहिल्या तेव्हा त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक कार्याबरोबर घरातल्या शिकवणीचा, रुसव्याचा आणि आजारपणाचा वृत्तान्त मराठी वाचकाला मिळाला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि कवी टिळकांचा संसार त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांनी कसा दिसतो ते कळले. दोन्ही ग्रंथांतील पती नामांकित होते. ज्याचे नाव चार गल्ल्यांपलीकडे कोणाला ठाऊक नाही अशा पतीविषयी पत्नीने सांगितलेले वृत्तान्तही तितकेच काळजीने लिहून घेण्यासारखे आहेत, आणि ते लिहून घेताना दिसते की पतीविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती स्वतःच्या कामाविषयी देऊ लागते. हे विषयांतर मानून थांबवू नये. ‘त्या वर्षी त्यांचा हात मागात सापडला’ या वाक्याच्या पुढे ‘म्हणून मी दोन पाळ्यांत कांड्या भरल्या’ हे वाक्य येणारच असते, आणि पहिल्या वाक्याचा अर्थ दुसऱ्याशिवाय पुरा होत नाही.

कामगारजीवनाविषयी मराठीत लेखन कमी झालेले नाही. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ चा. ‘बलुतं’ (१९७८) पासून पुढच्या आत्मकथनांनी श्रम आणि जात यांचा संबंध उघड केला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या कामगारांचे मौखिक कथन २००४ साली ग्रंथरूपात आणले. मौखिक इतिहास म्हणजे ज्यांनी घटना भोगल्या त्यांच्या तोंडून त्या ऐकून, तपासून, लिहून ठेवण्याची पद्धत. या लेखनात मुंबई केंद्रस्थानी असणे स्वाभाविक होते, कारण तेथे चाळी, संघटना, नाटकमंडळ्या आणि वर्तमानपत्रे एकत्र होती. जिल्ह्याच्या गावातला यंत्रमाग कामगार विखुरलेला राहिला. त्याचे सहकारी बारा जण, त्याची चाळ दहा खोल्यांची. त्याच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना होत्या आणि त्यांनी चिवटपणे लढे दिले, पण एका शेडमधील कामगाराने पुढाकार घेतला की दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर दुसरा माणूस उभा करणे सोपे होते. या विखुरलेपणामुळे त्याच्यावर एकत्रित ग्रंथ होणे अवघड गेले, आणि म्हणून घराघरातून होणारे छोटे स्मरणलेखन येथे अधिक मोलाचे ठरते.

अशा लेखनात एक मोठी अडचण येते ती प्रेमाची. मृताविषयी वाईट बोलू नये ही आपली रीत चांगली आहे, तरी तिच्यामुळे वडील नेहमी शांत होते, कधी थकले नाहीत, कधी कर्ज बुडवले नाही, दारूला शिवले नाहीत, असे सरसकट चित्र उभे राहते. रातपाळीच्या गावात दारूचे प्रमाण काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. मंदीच्या महिन्यांत घरात काय बोलले गेले हेही मुलांना आठवत असते. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा वस्तू व सेवा कर यांनंतर रोखीवर चालणारा हा धंदा अडखळला तेव्हा उतारवयात काम गेलेली माणसे दिवसदिवस ओट्यावर बसून राहिली, आणि त्या रिकामपणाने त्यांना जेवढे खचवले तेवढे चाळीस वर्षांच्या पाळ्यांनी खचवले नव्हते. हे सारे वगळून लिहिलेल्या आठवणीत माणसाचा गौरव होत नाही, कारण ज्याला कधी मोह झाला नाही आणि ज्याला कधी हरल्यासारखे वाटले नाही, त्याने रोज पहाटे उठून कामावर जाण्यात विशेष काय, असा प्रश्न वाचकाला पडतो. त्याचा मोठेपणा दिसतो तो ज्या सकाळी न जाण्याची सर्व कारणे होती त्या सकाळी तो गेला यात.

तपशिलांची पडताळणीही करावी लागते. घरचे म्हणतात ‘संपाच्या वर्षी’, आणि तो संप मुंबईचा की गावातला हे विचारावे लागते. ‘मोठ्या पुराच्या वेळी’ म्हणजे २००५ की २०१९, ‘काविळीच्या साथीत’ म्हणजे २०१२, अशी सार्वजनिक घटनांशी घरगुती काळाची सांगड घातली की मुलीचे लग्न, हाताला झालेली इजा आणि जागेचा व्यवहार हे आपापल्या वर्षांत बसतात. शेजारी, जॉबर, जुना दिवाणजी आणि शक्य असल्यास मालकाच्या घरचे एखादे माणूस यांचे कथन घरच्यांच्या कथनाशेजारी ठेवावे आणि दोहोंत फरक निघाला तर तो मिटवू नये, दोन्ही नोंदवावेत. शेडमध्ये माणसाला अनेकदा त्याच्या मूळ गावाच्या नावाने हाक मारत आणि घरी तो आप्पा किंवा तात्या असे; दोन ठिकाणचा माणूस कधीकधी इतका वेगळा निघतो की शेडमधला खोडकर गडी हाच घरातला अबोल बाप होता यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

नावांच्या बाबतीत सावधगिरी आवश्यक आहे. कर्जाचे आकडे, आजार, भावकीतली वाटणी आणि मालकाशी झालेले तंटे या गोष्टी घरच्यांनी विश्वासाने सांगितलेल्या असतात आणि ओळखीचा परीघ लहान असल्याने नाव बदलले तरी माणूस ओळखू येतो. लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी कुटुंबात मोठ्याने वाचून दाखवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. वाचताना कोणी म्हणते हे काढा, कोणी म्हणते हे राहू द्या, आणि बहुतेक घरांत काढा म्हणणारा मुलगा असतो आणि राहू द्या म्हणणारी त्याची आई. अशा वेळी आईचे ऐकावे. साधे माग आता भंगारात जात आहेत, त्यांच्या जागी धोट्याविना चालणारे स्वयंचलित माग येत आहेत, आणि २०२२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या गावात ज्यांनी धोट्यात कांडी घातली त्या पिढीतील स्त्रिया अजून त्या गुंठ्यावरच्या घरांत राहत आहेत; लेखनाला सुरुवात करायची ती त्यांच्यापासून, आणि शक्यतो दुपारच्या वेळी, त्यांना सवड असते तेव्हा.